दोघं आल्याशिवाय

कबनूरच्या गौराबाईला व्हिडिओ गेम खेळता येतो, हे गल्लीत कुणाला सांगून पटलं नसतं. तिनंही ते कुणाला सांगितलं नाही. विधवा बाई टीव्हीपुढं बटणं दाबत बसते म्हटल्यावर लोकांनी नावं ठेवली असती, आणि नावं ठेवण्यात त्या गल्लीचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

पंच्याण्णव साली तिचा नवरा शिवानंद गेला. घराला लागून कापड विणायचे चार माग होते. ते तिनं दुसऱ्याला चालवायला दिले आणि आपण सुताच्या कांड्या भरायला बसली. तिचा एकुलता एक महांतेश तेव्हा पाचवीत होता. बाप गेल्यापासून त्याचं बोलणंच बंद झालं. जेव म्हटलं की जेवायचा, नीज म्हटलं की निजायचा, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. पोरगं हातचं जातंय, या धास्तीनं गौराबाईनं इचलकरंजीच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा गेम आणला.

कॅसेटवर परक्या लिपीतलं नाव होतं. पडद्यावर दोन ठेंगणे गडी खड्डे ओलांडत पळायचे, म्हणून गौराबाईनं त्याचं नाव जोडगोळी ठेवलं. या गेमची एक खोड होती. एक गडी कितीही पुढं पळाला तरी दुसरा आल्याशिवाय पडदा पुढं सरकायचा नाही. महांतेश चपळ, अव्वाचा म्हणजे आईचा गडी कायम मागं. मग महांतेशचा गडी पडद्याच्या कडेला जागच्या जागी उड्या मारत तिची वाट बघायचा.

मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही. मागावरची माणसं हातानंच बोलतात, तसं या दोघांनी केलं. गुडघ्यावर एक टिचकी म्हणजे उडी मार, दोन म्हणजे थांब. बाप गेल्यानंतर पोरगं आईशी पहिल्यांदा बोललं ते असं, तिच्या गुडघ्यावर. गौराबाई त्या दिवशी न्हाणीत जाऊन पोटभर रडली.

पुढं महांतेश शिकायला पुण्याला गेला आणि तिथंच नोकरीला लागला. माग भंगारात गेले. घर इतकं शांत झालं की गौराबाईला आपल्याच बांगड्यांचा आवाज नकोसा व्हायचा. संध्याकाळी ती गेम लावायची. दोन्ही रिमोट पुढ्यात घेऊन आधी एक गडी कडेला आणायची, मग दुसरा. वेडी म्हणा हवं तर. पोरगा येईल तेव्हा आपल्यापायी त्याचा खोळंबा होऊ नये, एवढंच तिच्या मनात असायचं.

दोन हजार सातच्या दिवाळीत महांतेश मोठं खोकं घेऊन आला.

"अव्वा, आपल्या जोडगोळीचा चौथा भाग. बघ की, कसला भारी केलाय."

गडी उंच झाले होते आणि त्यांना दाढ्या फुटल्या होत्या. रिमोटवर ढीगभर बटणं होती, तरी गौराबाईनं उडीचं बटण हुडकून काढलं. इतक्या वर्षांची तयारी होती ती. पण महांतेश सुसाट सुटला. तिचा गडी डावीकडं सरकत सरकत पडद्याबाहेर गेला. पडदा थांबलाच नाही. तरी ती बराच वेळ बटणं दाबत राहिली.

"माझा कुठं गेला रे?"

"बाद झाला. मागं राहिला की बाद. आता कुणासाठी थांबावं लागत न्हाय. पयल्या भागात लई कटकट व्हायची."

कटकट.

"मग नाव कशाला जुनंच ठेवलंय?"

"नाव बघून तर घेत्यात लोक. आणि आत दरवेळी तेच दिलं तर कोण खेळंल अव्वा? नवं म्हटल्यावर बदलायला पायजे की."

"बदलू दे की. तोंडं बदला, कापडं बदला. थांबायचं तेवढं ठिवायचं हुतं."

महांतेश हसला. त्याचंही काही चुकत नव्हतं. तरण्या माणसाला नवं हवंच असतं. तो एकटाच पुढं खेळू लागला. मोठा खड्डा आला तशी गौराबाईनं सवयीनं त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारली.

"तोंडानं सांग की अव्वा," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "माग जाऊन किती वर्सं झाली."

तो रागानं बोलला नव्हता. रागानं बोलला असता तर तिला एवढं लागलं नसतं.

भाऊबीज झाली आणि तो पुण्याला गेला. नवं मशीन तिच्यासाठी ठेवून गेला, पण तिनं ते खोक्यात भरून माळ्यावर टाकलं आणि जुनी कॅसेट लावली. महांतेशचा गडी खड्डे ओलांडत कडेला आणला. तिथं तो उभा राहिला.

मग दुसरा रिमोट उचलायचा, हे हाताला पाठ होतं. गौराबाईनं तो उचलला नाही. तिचा गडी मागं होता तिथंच राहिला, आणि तो येईपर्यंत महांतेशला पुढं जाता येणार नव्हतं.

तिनं मांडी घातली आणि त्याच्याकडं बघत बसली.