वाऱ्याला तिथी नसते

सुमनआत्या गेल्याचं तिच्या शेजारणीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी ऑफिसात होते. मला ते पटेचना. आदल्याच रविवारी बिबवेवाडीच्या तिच्या घरी तिने मला भिंतीवरच्या बॅरोमीटरची काच पुसायला लावली होती आणि वर ऐकवलंही होतं, ‘‘कंप्युटर शिकलीस, आता काच पुसायलाही शीक.’’

आत्याचा जन्म कोकणातल्या खाडीकाठचा, नोकरी मात्र पुण्यात, हवामानाच्या सरकारी कचेरीत. गल्लोगल्ली कंप्युटरचे क्लास निघाले त्या वर्षांत मी शिकायला तिच्याकडे राहिले. बॅरोमीटरचा, हवेचा दाब दाखवणारा काटा उतरू लागला की तिचं जेवणावरून लक्ष उडे. चंद्र-सूर्यावरून भरतीचं वेळापत्रक आधी मांडता येतं, पण हवेचा दाब उतरला की समुद्र फुगतो, वारा किनाऱ्याकडे लोटत राहिला की पाणी खाडीत कोंबलं जातं, आणि हे कुठल्याच वेळापत्रकात नसतं... हे तिने मला भाजी निवडता निवडता शिकवलं.

गावी बाबांचं सगळं तिथीवर चाले. आम्ही बौद्ध, मुहूर्त त्यांनी जन्मात पाहिला नाही, पण भरतीसाठी तिथी रोज बघत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती. भांगाच्या दिवसांत ते ओटीवर खाट टाकून निर्धास्त झोपत. एकदा आत्याच्या सांगण्यावरून त्यांनी बिऱ्हाड टेकडीवरच्या शाळेत हलवलं, आणि पाणी आलंच नाही. ‘पुण्यातून समुद्र बघणारी’ असं गावाने तिचं नाव पाडलं. पुढच्या पावसाळ्यात काटा पुन्हा उतरला. कचेरीतून किनाऱ्याचे आकडे बघून ती आली ती मला घेऊन थेट कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर. मी म्हटलं, लोक पुन्हा हसतील.

‘‘हसू देत. हसायला माणसं शिल्लक राहायला हवीत.’’

गावात फोन एका दुकानातच होता. बाबांना बोलावून आणलं. पलीकडून त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता, ‘‘अगो सुमे, आज अष्टमी. भांगाला कधी पाणी ओटीवर आलंय काय?’’

‘‘दादा, अष्टमी चंद्राची. वाऱ्याला तिथी नसते. वहिनीला बोलव, तोवर मी फोन ठेवणार नाही.’’

आणि तिने ठेवला नाही. मागे रांग वाढली, बूथवाला घसा खाकरू लागला, ती खांबासारखी उभी. आई आली, वाद न घालता ऐकून घेतलं, आणि भात नि शेळ्या घेऊन शाळेकडे चालू लागली. बाबा कुरकुरत मागून गेले. त्या भरतीला खाडीचा बांध फुटला. पाणी ओसरल्यावर बाबांची खाट सापडली ती दुसऱ्याच्या वाडीत, माडांना अडकलेली. माझे आईवडील मला राहिले ते आत्याच्या हट्टामुळे. तिला तसं म्हटलं की ती विषय बदलायची.

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला बाबा आले, तिच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि परत गेले. बॅरोमीटर मी वारज्याला माझ्या घरी आणला. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. वारा पडलेला, आभाळ निरभ्र, काळजीचं काहीच नव्हतं.

‘‘काटा काय म्हणतो गो?’’

मी म्हटलं, थांबा, कंप्युटरवर तुमच्या किनाऱ्याचाच दाब बघून सांगते.

‘‘तो असू दे. सुमीचा बघ.’’

मी उठले. ती करायची तशी काचेवर बोटाने हलकी टिचकी मारली. काटा जरासा थरथरला आणि होता तिथेच राहिला.

‘‘स्थिर आहे, बाबा.’’

‘‘बरं,’’ ते म्हणाले, ‘‘उद्या परत विचारीन.’’