चाळीस मिनिटं वापरलेला चुना

साहेबराव निमगाव केतकीचे. नौदलात पंधरा वर्षं पाणबुड्या म्हणून काढली आणि १९९२ साली इंदापूरजवळच्या एका अल्कोहोलच्या कारखान्यात सुरक्षा विभागात लागले. तिथल्या मळीच्या टाक्यांत जीवघेणा वायू साठायचा. म्हणून तोंडावर लावायचा श्वासाचा एक संच ठेवलेला होता. सोडलेला श्वास त्यातल्या दाणेदार चुन्यातून फिरायचा, चुना वाईट वायू शोषायचा आणि बाटलीतला ऑक्सिजन मिसळून तोच श्वास परत मिळायचा.

हा चुना ठेवण्याबाबत साहेबराव फार कडक. नव्या डब्याचं सील उगाच फोडायचं नाही. अर्धा वापरलेला चुना संचाच्या भांड्यातच, दोन्ही तोंडांना घट्ट बुचं लावून ठेवायचा आणि वापरलेली मिनिटं वर पट्टीवर लिहायची. वापरला की तो जांभळा पडतो, पण दोन दिवस ठेवला की पुन्हा पांढरा दिसतो. रंगावर विसंबला तो मेला, असं ते सांगत. लोक ऐकून घेत आणि विसरत.

एप्रिल १९९६. भर दुपारी कामगार गेणबा टाकी धुवायला उतरला तो खालीच कोसळला. त्याला उचलायला जोडीदार सिद्धू गेला, तोही पडला. बारामतीहून अग्निशामक गाडी यायला तास तरी लागणार होता.

साहेबराव स्टोअरकडं धावले. नव्या डब्याचं सील फोडलेलं होतं. झाडांच्या बुंध्यांना लावायला कुणीतरी चुना काढला होता आणि झाकण नुसतं वर ठेवलं होतं. उन्हाळ्यात दाणे वाळून खडखडीत झाले होते, आणि वाळलेला चुना काही शोषत नाही. उरलं ते सरावाच्या दिवशीचं भांडं. पट्टीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'चाळीस मिनिटं'. चुना चालायचा तासभर, तोही निवांत बसलेल्या माणसाला.

टाकीवरचा मुकादम आबाजी दोर घेऊन उभा होता. त्यानं साहेबरावांना विचारलं, "तात्या, पुरंल का?"

"ठावं न्हाय. दोर हलला की वढ."

कंबरेला एक दोर बांधून, दुसरा हातात घेऊन साहेबराव संच लावून उतरले. सिद्धू शिडीपाशीच होता. त्याला बांधून वर पाठवला. गेणबा पलीकडच्या कोपऱ्यात होता, मध्ये गुडघाभर गाळ. निम्म्या वाटेत साहेबरावांना धाप लागली. श्वास घेतला तरी पुरेना, डोकं ठणकू लागलं. चुना संपला हे त्यांना कळलं. शिडी अजून जवळ होती.

ते पुढं गेले. गेणबाला दोर बांधताना बोटांना गाठ जमेना. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. दोर हलवल्याचं त्यांना आठवतं, त्यापुढचं काही नाही. गेणबापाठोपाठ आबाजीनं त्यांनाही कंबरेच्या दोरानं ओढून काढलं.

सिद्धू तिसऱ्या दिवशी दवाखान्यात शुद्धीवर आला. गेणबा गेला.

पुढच्या महिन्यात नवे डबे आले, कुलपाचं कपाट आलं. सील कुणी फोडलं ते कधीच कळलं नाही. पायांत बळ आल्यावर साहेबराव गेणबाच्या घरी गेले. त्याची बायको सारजा ओट्यावर बसली होती. साहेबराव ओट्याच्या कडेला टेकले.

ती म्हणाली, "तुमी सिद्धूला आधी का काढलं?"

"त्यो जवळ हुता, बाई."

"तवा ह्ये जित्तं हुतं का?"

नाही म्हणाले असते तर दोघांचीही सुटका झाली असती.

"मला ठावं न्हाय," साहेबराव म्हणाले.

सारजा उठून आत गेली. ती परत बाहेर आली नाही, आणि साहेबरावांना ओट्यावरून उठवेना.