आईची पाठ

मी मूळची सांगोल्याकडची. चित्रकला शिकायला सोलापुरात आले आणि शुक्रवार पेठेतच राहिले. बरीच वर्षं फोटोवरून गेलेल्या माणसांचे हुबेहूब चेहरे काढून पोट भरलं. चेहरा जुळला की लोक खूश.

आई गेल्यावर भाऊ म्हणाला, "आता आपल्या आईचं काढ." बसले, पण चेहरा येईना. लहानपणी शेरडं घेऊन ती पुढं चालायची, मी मागं. माझ्या डोळ्यांपुढं तिची पाठच यायची. मग मी पाठच काढली. थोडी वाकलेली, आणि भोवती उन्हानं पांढरा पडलेला माळ. पाठ कुठं संपली नि माळ कुठं सुरू झाला, ते कळत नव्हतं.

भाऊ बघतच राहिला. "ह्ये काय? आईला तोंड न्हाय व्हय?"

"तुला तोंड आठवतंय. मला पाठ आठवती."

तो चित्र न घेताच गावी गेला.

मला मात्र वाट सापडली होती. फोटोवरून चेहरे काढणं मी बंद केलं. टँकरभोवतीची गर्दी काढली. नुसते हात आणि घागरींचे रंग. सगळी चित्रं पुण्याला एका गॅलरीत नेली. तिथले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, ही माणसं पुसा, उत्तम अमूर्त होईल. नाहीतर माणसं पूर्ण करा. हे अधलंमधलं कोण घेणार?"

"माणसं तिथं आहेत, पुसणार नाही. आणि मला दिसली तेवढीच काढणार."

"विचार करा."

"करूनच काढलीत," म्हटलं आणि चित्रं टेम्पोत घातली.

सोलापुरात सात रस्त्याजवळ मैत्रिणीचा एक गाळा रिकामा होता. तो मागून घेतला, भिंतीला खिळे ठोकले आणि शटर वर केलं. शेजारी झेरॉक्सला आलेले लोक डोकावू लागले. एकजण म्हणाला, "अर्धवट हाय की." मी म्हटलं, "पुरं झालंय." एक बाई आईच्या चित्रापुढं थांबल्या आणि नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, "अहो, बघा की, आत्याबाईच चालल्यात!"

"तोंड कुटंय?"

"पाठमोरी आई वळखंना व्हय तुमाला?"

पुण्याच्या गॅलरीतून काही फोन आला नाही. मीही केला नाही.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी भाऊ आला. आईच्या चित्राच्या अगदी जवळ गेला. मग हळूच म्हणाला, "निदान कानातलं तरी काढ की."

"न्हाय."

तो चिडला. पण शटर ओढेपर्यंत थांबला, आणि चित्र खाली उतरवताना एका बाजूनं त्यानंच धरलं.