ॲम्प्लिफायर घ्यायला गेलो तेव्हा

"थांब, गरम होऊ दे."

रेडिओचं बटण फिरवलं की अंकल एवढंच म्हणत, पेटीवर तळहात ठेवत आणि डोळे मिटत. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसे. आतले वॉल्व तापले की आवाज यायच्या क्षणभर आधी हात उचलून सांगत, "आला." आणि आवाज यायचा.

इस्रायलमधल्या डिमोनात आमच्याच इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईत एका रेडिओच्या दुकानात काढली होती. इथे ते कापडगिरणीत वायरमन होते आणि मी त्याच गिरणीत मागावर. संध्याकाळी त्यांच्या दाराशी कोणाचा ना कोणाचा बिघडलेला रेडिओ असायचाच. "गरम होऊ दे" हे ते नव्या मुकादमालाही लावत आणि नव्या सुनेलाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळी वस्ती त्यांच्याकडे अडलेलं काम घेऊन जाते, पण त्यांना चहाला बोलवायचं कोणाला सुचत नाही.

सत्तरच्या दशकात मला स्टिरिओचं वेड लागलं. रेकॉर्ड प्लेअर होता, दोन छोटे स्पीकरही जमवले होते, पण मधला ॲम्प्लिफायर जुना, मरतुकडा. नवा निवडायला मी अंकलना तेल अवीवला घेऊन गेलो. एकट्याने जायची भीती वाटत होती, हे खरं कारण. अंकलनी गिरणीतून रजा काढली, इस्त्रीचा कोट घातला आणि मुंबईहून आणलेली एका गाणाऱ्या बाईंची रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळून काखेत घेतली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"तंबोरा कुठे संपतो आणि बाई कुठे सुरू होते ते कळलं पाहिजे. नाहीतर पैसे पाण्यात, बाबा."

दुकान चकचकीत होतं. विक्रेता माझ्याच वयाचा, भराभर हिब्रू बोलणारा. त्याने दोन ॲम्प्लिफायर दाखवले. एक साधा, काळा, चारच बटणांचा. दुसरा चांदीच्या रंगाचा, दर्शनी काचेत दोन काटे नाचणारा. अंकलनी रेकॉर्ड पुढे केली. विक्रेत्याने ती उजेडात धरली, चरे पाहिले आणि म्हणाला, "ही लावली तर माझी सुई जाईल." मग त्याची स्वतःची रेकॉर्ड लावली. अंकल डोळे मिटून दोन्ही ऐकत राहिले आणि मला मराठीत म्हणाले, "काळा घे. तुझ्या स्पीकरना त्या दुसऱ्याचा जोर सोसायचा नाही."

विक्रेत्याने मला हिब्रूत विचारलं, "हे तुझे वडील का?"

मी हसलो. हिब्रूतच म्हणालो, "छे, शेजारी. म्हाताऱ्याला घरी करमत नाही म्हणून आणलंय बरोबर."

तोही हसला. मी काट्यांचा ॲम्प्लिफायर घेतला.

अंकल आमच्याशी कायम मराठीतच बोलत. त्यामुळे त्यांना हिब्रू जेमतेम येतं असं मी धरून चाललो होतो. परतीच्या बसमध्ये खोका त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला. "तू नीट धरणार नाहीस, धक्के बसतील." बीरशेव्याला बस बदलली तरी माझ्या हातात दिला नाही. डिमोनात उतरल्यावर त्यांनी तो मला दिला, कोट झटकला आणि स्वच्छ हिब्रूत म्हणाले, "मला घरी चांगलं करमतं."

आणि माझ्या पुढे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी न बोलावता वायरी जोडून द्यायला आले! मी सवयीने वाट पाहिली, पण "गरम होऊ दे" म्हणाले नाहीत. काम झाल्यावर चहा न घेता गेले.

पुढे मुलाच्या बार मित्स्वाच्या, म्हणजे तेराव्या वर्षीच्या धर्मविधीच्या, जेवणावळीत पाहुण्यांपुढे मी आवाज चढवत गेलो, आणि डावा स्पीकर खरखरून जळाला. अंकलकडे जायला माझे पाय उचलेनात. शेवटी बायको गेली. त्यांनी स्पीकर खाली नेला, आतलं बारीक तारेचं वेटोळं हाताने नव्याने गुंडाळलं आणि चौथ्या दिवशी आणून दिला. वायरी मीच जोडायला घेतल्या.

"अंकल, त्या दिवशी दुकानात मी..."

"डावी वायर उलटी लावलीस," ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाठ करून ती नीट लावू लागले.

निवृत्त झाल्यावर ते हैफाला मुलीकडे राहायला गेले. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी मी खास त्यांना भेटायला म्हणून गेलो. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. मुलीने आतल्या खोलीचं दार उघडलं आणि म्हणाली, "बाबांना आता फारसं ऐकू येत नाही. मोठ्याने बोला."

अंकलनी मला ओळखलं. बसायला सांगितलं, बायकोची चौकशी केली. मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि सगळं सांगितलं. दुकान, तो विक्रेता, मी काय बोललो, का हसलो. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग मान हलवून म्हणाले, "हो हो, घेईन की. साखर कमी सांग तिला."

पुन्हा सांगायला हवं होतं, मोठ्याने. पण दार उघडं होतं, आणि बाहेर त्यांची मुलगी नि जावई बसले होते. त्यांना ऐकू जाईल म्हणून मी आवाज चढवला नाही.