दाजींची विमानतळावरची पंगत

स्वतः एकदाही विमानात न बसता विमानाने जाणाऱ्या शेकडो लोकांना जेवू घालणारा माणूस अख्ख्या दौंड तालुक्यात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, नवरा आहे. आमच्या मांडवगण फराट्यात, म्हणजे त्यांच्या सासुरवाडीत, त्यांना सगळेच दाजी म्हणतात, ज्यांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही तेसुद्धा. कुरकुंभच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. गेटवर क्रेडिट कार्ड खपवणारी पोरं उन्हात उभी असत, आणि समोरच्याला नाही म्हणणं दाजींना जन्मात जमलेलं नाही. त्यामुळे निवृत्त होईपर्यंत त्यांच्याकडे सहा-सात कार्डं साठली. विजेच्या बिलापलीकडे त्यांवर त्यांनी कधी काही भरलं नाही. पण दर तिमाहीला कार्डांबरोबर विमानतळावरच्या लाउंजचे फुकट पास येत. लाउंज म्हणजे विमानाची वाट बघायची थंडगार खोली, गुबगुबीत खुर्च्या आणि हवं तेवढं खाणं. दौंडला विमान येत नाही, तेव्हा या पासांचं करायचं काय? त्यांच्या मुलीने त्यांना इंटरनेटवर असे पास घेणाऱ्या-विकणाऱ्यांचा एक ग्रुप दाखवला, आणि दाजी धंद्याला लागले.

धंदा हा शब्द मी फार मोठ्या मनाने वापरतोय. कार्डवाल्यांच्या नियमात हे बसतं का, हे त्यांनी कधी वाचलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाकीचे विक्रेते पैसे आले की मोबाइलवर कोड धाडून मोकळे होतात. दाजी आधी इस्त्रीचा सदरा घालत आणि मग गिऱ्हाइकाला फोन लावत. कुठं निघालात, कशासाठी, बरोबर कोण आहे, लेकरू लहान आहे का, सगळी चौकशी व्हायची. "खाना खाके ही बैठो साब, ऊपर कुछ मिलता नहीं," असं ते बंगळूरच्या साहेबाला इतक्या खात्रीने सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आत्ताच वरून उतरलेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, जेवायला काय काय होतं म्हणून. या चौकश्यांतून देशभरच्या लाउंजांची त्यांना खडान्खडा माहिती झाली. एका लग्नात आमच्या सोसायटीचे माजी चेअरमन कुठल्याशा मोठ्या विमानतळावरच्या जेवणाचं कौतुक करत होते. दाजी जिलबी खाता खाता म्हणाले, "डाळ पातळ असती तिथली. डोसा घ्यायचा हुता, चेअरमन." चेअरमननी लगेच उसाच्या भावाचा विषय काढला.

तिमाही संपत आली की उरलेले पास वाया जायच्या भीतीने दाजी कासावीस होत. नासायला आलेलं दूध शेजारीपाजारी वाटावं तसे ते पास वाटत सुटत. एकदा पैसे देऊन झाल्यावर एका गिऱ्हाइकाने सांगितलं की वडील वारलेत, घरी चाललोय. दाजींनी त्याचे पैसे तिथल्या तिथे परत पाठवले. संध्याकाळी मला शिरूरला फोन करून म्हणाले, "पाव्हणं, त्यानं दोन घास तरी खाल्लं असत्याल का? पर इचारायचं कसं?"

असा हा माणूस परक्याशी अर्धा अर्धा तास बोलायचा, पण स्वतःच्या एकुलत्या एक पोरीशी "जेवलीस का" याच्यापुढे त्यांची गाडी जात नसे. पोरगी नर्सिंग शिकली आणि तिला जर्मनीत नोकरी लागली. त्याच दिवशी दाजींनी चार पास बाजूला काढले, एक तिचा, एक आक्काचा, एक स्वतःचा आणि एक माझा. जायच्या दिवशी चौघांनी लाउंजमध्ये बसायचं, निवांत जेवायचं आणि मनातलं सगळं बोलायचं. "लई बोलायचं ऱ्हायलंय तिच्याशी," ते मला म्हणाले. वीस-बावीस वर्षांचं बोलणं त्यांनी त्या दोन तासांवर टाकलं होतं.

पोरीने एकदा विचारलं, "पप्पा, पण तुम्हाला आत सोडत्याल का?"

"रोज लोकं आत पाठवतोय मी. मला नगं शिकवू," दाजी म्हणाले.

आदल्या दिवशी आक्का प्रवासासाठी दशम्या करायला बसली होती. दुधात पीठ भिजवणार एवढ्यात दाजींनी परात उचलून ठेवली. "डबा कशाला? तिथं सगळं हाय. आपुन हायच की तिच्यासंगं."

घाटात गाड्या अडकल्या आणि मुंबईच्या विमानतळावर पोचायलाच उशीर झाला. तरी दाजी सदरा सारखा करत सगळ्यांच्या पुढे. दारावरच्या जवानाने पोरीचं तिकीट बघितलं आणि यांच्यापुढे हात केला. दाजींनी मोबाइल धरला.

"चाचाजी, ये तो अंदर का है. दरवाजे पे टिकट लगता है," तो समजुतीने म्हणाला.

दाजींच्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे तिकीट असायचं, त्यामुळे दारावर काय लागतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. दाजींनी दुसरा पास दाखवला, मग तिसरा. "आवो, एवढी लोकं जात्यात माझ्या पासावर. कवा कुणाला अडवलं न्हाई," असं ते मराठीतच सांगत राहिले. मागची रांग कुरकुरू लागली. सामान घेणारी खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती. आक्काने पोरीला पोटाशी धरलं. मग पोरगी वाकून दाजींच्या पाया पडली. दाजी मोबाइलवर चौथा पास शोधत होते. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "थांब जरा."

ती उठली, थोडी थांबली आणि बॅगांची गाडी ढकलत आत गेली. दाजींनी मान वर केली तेव्हा काचेपलीकडे अनोळखी माणसं होती. परतीच्या वाटेवर लोणावळ्यापाशी आक्का एवढंच म्हणाली, "दशम्या तरी दिल्या असत्या." तेव्हापासून ती दाजींशी कामापुरतं बोलते. पोरगी आत काही जेवली का, हे दाजींनी तिला आजवर विचारलेलं नाही. मला फार वाईट वाटतं आक्काचं आणि दाजींचं, दोघांचंही.

मागच्या महिन्यात मी दौंडला गेलो होतो. दाजी ओट्यावर बसून फोनवर कुणा बाईशी बोलत होते. तिला सोडायला तिचे वडील आले होते. "मग आत कशाला जाताय एवढ्यात? ताई, त्यांच्यापाशी बसा. पास काय, मी दुसरा दीन," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग मला विचारलं,

"पाव्हणं, तुम्ही तिथंच हुता. पोरगी पाया पडली व्हती का माझ्या?"

"पडली की, दाजी."

"मी काय म्हणलो तवा?"

आक्का दारात लसूण सोलत बसली होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. "तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवला," मी म्हणालो. "सुखानं ऱ्हा म्हणालात."

दाजींनी वळून आक्काकडे बघितलं. आक्काचे हात थांबले होते.

"व्हय," ती म्हणाली. "म्या ऐकलं की."

थोड्या वेळाने पुन्हा कुणा गिऱ्हाइकाचा फोन आला, तो त्यांनी तसाच वाजू दिला.