पुसून टाकलेले कुत्रे

धामापूरच्या जंगलात बिबट्यासाठी लावलेल्या कॅमेऱ्यांतले कुत्र्यांचे सगळे फोटो मी दोन हिवाळे कचरा म्हणून पुसून टाकले. पीएच.डी. बिबट्यावर होती, कुत्रे काय, गल्लीत पुष्कळ पाहिले होते.

आमच्या सरांनी विद्यापीठातली सगळी हयात मांसाहारी प्राण्यांची विष्ठा उकलण्यात घालवली. काडीने ती फोडून एखादा केस उजेडात धरायचे, तेव्हा चेहरा दागिना पारखणाऱ्या सोनारासारखा व्हायचा. माणसांबद्दल मात्र एवढा आदर नव्हता. टीव्हीवरच्या व्याघ्रतज्ज्ञांना ते 'जीपवाले' म्हणत, कुलगुरूंना 'फीतकापे' आणि मला 'स्थानिक तज्ज्ञ'. मी जवळच्या मालवणचा, म्हणून तर त्यांनी मला घेतलं होतं.

एका वडाजवळच्या पायवाटेवर बिबट्या इतक्यांदा यायचा, की मी सिद्धान्तच ठोकला: दाट झाडी, जवळ पाणी, वगैरे. सरांच्या नावासकट तो शोधनिबंध छापून आला. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरलेले, आणि विद्यापीठाला प्रथमच त्यांचं कौतुक सुचलं.

मग सर जागा बघायला आले. बिबट्याच्या विष्ठेत कुत्र्याचे केस निघाले. वडाखाली कोंबड्याची पिसं होती. ती मीही पाहिली होती. बिबट्याचा पराक्रम म्हणून नोंदलीही होती. पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करणाऱ्या एका आजीला सरांनी विचारलं.

"आयतवारी राखण देतत हंय," ती म्हणाली. "मुंडकी, हाडां ऱ्हवतत. ती खावक कुत्रे येतत."

आणि कुत्रे खायला बिबट्या. राखण म्हणजे गावाच्या राखणदार देवाला दिलेला कोंबडा. लहानपणी मी तो वडे बुडवून हादडलेला.

सर म्हणाले, "बिबट्याला गावाचा रविवार कळला. तुला नाही."

कुणाला कळणार आहे, निवृत्ती तेवढी होऊन जाऊ द्या, असं मी तिथेच सुचवलं. त्याच आठवड्यात सरांनी निबंध मागे घेतला. पत्रात चूक 'मार्गदर्शकाची' लिहिली. माझं नाव नाही. माझी पीएच.डी. वाचली. त्यांचा निरोप समारंभ विभागाने चहा-बिस्किटांवर उरकला.

सर गेल्या वर्षी वारले. त्यांच्या खुर्चीवर आता मी बसतो. परवा त्या वाटेवर आजी भेटली, तेव्हा तिला सर गेल्याचं सांगितलं. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. मग मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली,

"शाणो माणूस तो. तुका कित्याक बाळगल्यान, देवाक म्हायत."