आत्याला डोंगरावरून खाली आणलं तेव्हा

फुलंब्रीच्या पुढं डोंगरावर माझ्या आत्याची वस्ती आहे. मोजकी घरं, चौथीपर्यंतची शाळा, आणि खडकातून पाझरणाऱ्या पाण्याचा एक झिरा. आई गेली तेव्हा मी लहान होते, आत्यानंच मला तिथं वाढवलं. चौथीनंतर पुढं शाळा नव्हती म्हणून वडिलांनी मला खाली नेलं. आत्याला मूलबाळ नाही, तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, जाऊनही बरीच वर्षं झाली. ती तिथंच राहिली.

परवाच्या पावसाळ्यात ती झिऱ्यावर घसरून पडली. शेजारच्या वहिनीचा मला फोन आला. मी शहरात, मुकुंदवाडीतल्या घरी डबा भरत होते.

"आत्या पडल्या झिऱ्यावर. पाय हलवू देईनात. तुम्ही या."

रुग्णवाहिकेला मीच फोन लावला. पलीकडच्या बाईनं पत्ता विचारला, मी सांगितला. ती म्हणाली, "गाडी वरपर्यंत जाईल ना?" मी नाही म्हणाले. वर रस्ता नाही, पायवाट आहे. मग ती म्हणाली, "पेशंटला पायथ्याला आणून ठेवा." तिचंही काही चुकलं नव्हतं. तिला तरी दुसरं काय सांगता येणार होतं!

नवऱ्यानं रजा टाकली, आम्ही दोघं निघालो. पायथ्याच्या गावात पोचलो तेव्हा रुग्णवाहिका येऊन उभी होती, पण वरून अजून कुणी उतरलं नव्हतं. पाऊस बारीक लागला होता. आम्ही वाट चढायला लागलो आणि निम्म्यावर वस्तीवरचे लोक भेटले. बांबूला घोंगडीची झोळी बांधलेली, पुढं एक, मागं एक, बाकीचे खांदा बदलायला बरोबर. झोळीत आत्या. तिच्या तोंडावर प्लास्टिकचा कागद धरून वहिनी शेजारनं चालत होती.

"आलीस व्हय," आत्या म्हणाली. "पोरं लई दमली बघ."

मी झोळीला हात लावला, पण वाट इतकी अरुंद की माझी अडचणच होत होती. म्हणून मागं झाले. निसरड्या जागी ते लोक बसकण मारून, इंच इंच सरकत उतरत होते. झोळी दगडाला लागली की आत्या दातावर दात आवळायची. ओरडली मात्र नाही.

खाली आलो तर रुग्णवाहिका गेलेली. दुसऱ्या गावात एक बाई बाळंतपणाला अडली होती, तिकडून फोन आला होता म्हणे. गावातले जीपवाले चाचा म्हणाले, "वाट बघत नका बसू. टाका मागं, मी सोडतो." मागची बाकं काढून त्यांनी स्वतःच्या घरातली गादी अंथरली. शहरापर्यंत त्यांनी गाडी अशी चालवली की मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न मारून पुढं जात होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आणि आत्या आमच्या दोन खोल्यांत राहायला आली.

मला वाटलं होतं, इथं तिला आराम पडेल. दवाखाना जवळ, दिवाबत्ती आहे, दारात रस्ता आहे. पण आमच्याकडं नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नाही, आणि येतं तेव्हा वेळेचा नेम नसतो. ड्रम, टिपं, कळश्या, सगळं भरून ठेवावं लागतं. आत्यानं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ती खाटेवरून सगळी भांडी मोजत बसली. मग म्हणाली, "तुमच्यात पण पाण्यावरच जीव टांगलेला असतो व्हय? मला वाटलं, शहरात तसं नसंल."

आम्ही दोघं कामाला जायचो. ती दिवसभर खाटेवर बसून नळाकडं कान लावायची. वॉकर धरून चालायला लागल्यावर तिनं नळावरचं काम स्वतःकडंच घेतलं. पाणी आलं की सगळ्या गल्लीला हाका मारायची. बायकांना तिचा मोठा आधार वाटायला लागला. मलाही वाटलं, रुळली.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती म्हणाली, "मला वर नेऊन सोड."

"तिथं तुला कोण बघणार?"

"इथं कोण बघतंय? तू येतीस ती दमून. जेवतीस, झोपतीस. मी तुझ्या तोंडाकडं बघत बसते." मग म्हणाली, "राग नाय माझा. पण मला नेऊन सोड."

मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. तिच्यावर चिडायलाही ताकद लागते, ती माझ्यात नव्हती. ती म्हणत होती ते खरं होतं. तिसऱ्या दिवशी मी चाचांना फोन लावला.

चाचांच्याच जीपनं गेलो. निवडणुकीच्या आधी रस्त्याचं काम निघालं होतं. पहिल्या वळणापर्यंत मुरूम पडला होता, पुढं वनखात्याची हद्द लागते म्हणून काम थांबलं होतं. तिथंच जीप उभी केली. वरचे लोक झोळी घेऊन आलेले होते. चढताना त्यांना उतरण्यापेक्षा जास्त वेळ लागला. आत्या झोळीतून ज्याच्या त्याच्या घरची विचारपूस करत होती. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून माहेरी गेली. तिचा आवाज मला किती दिवसांनी असा मोकळा ऐकू आला.

वहिनीनं घर सारवून ठेवलं होतं. आत्याला आत बसवल्यावर मी वहिनीला बाजूला घेतलं.

"पाण्याला तिला जाऊ देऊ नका."

"नाय जाऊ देत. दोन कळश्या मी आणून टाकीन."

"आणि परत काही झालं तर?"

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. तीही दमलेलीच होती, माझ्याहून जास्त असेल. "झालं तर उचलू की," ती म्हणाली. "दुसरं काय करणार?" आणि भाकरीचं पीठ मळायला चुलीपुढं जाऊन बसली.

आता मी महिन्याकाठी एकदा जाते. रक्तदाबाच्या गोळ्या नेते, कारण त्या वाटणारी आरोग्य खात्याची ताई पायथ्यापर्यंतच येते. माझे गुडघे दुखायला लागलेत, मध्ये दोनदा बसावं लागतं. खाली चल, असं मी आत्याला आता म्हणत नाही. ती चहा ठेवते, आम्ही दारात बसतो, आणि उजेड आहे तोवर मी उतरायला लागते.